दहापैकी पाच!

परीक्षा माणसांच्या घेतात. प्रदर्शनात फार तर आंब्यांच्या आणि म्हशींच्या! पण पुठ्ठ्याच्या तुकड्याने परीक्षेला बसावे आणि घरच्या मंडळींनी निकालाकडे डोळे लावावेत, हा प्रकार मी न्यू जर्सीतल्या आमच्याच घरात पाहिला.

त्याचे असे झाले. गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांची नोकरी सुटली. घराचे हप्ते मात्र थांबेनात. अशात माळ्यावर बुटांचा एक जुना खोका सापडला. आत १९९९ सालची पोकेमॉनची कार्डे, आणि त्यांत आग ओकणारा चॅरिझार्ड! चांगल्या स्थितीतल्या चॅरिझार्डला हौशी मंडळी आज भरपूर पैसे मोजतात. मात्र ‘चांगली स्थिती’ विकणाऱ्याने सांगून भागत नाही. तिऱ्हाइताचा दाखला लागतो.

असा दाखला देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतली ‘प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर’ १९९१ साली कॅलिफोर्नियात निघाली. कार्ड अस्सल आहे ना, हे आधी पाहतात. मग चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत हे तपासून दहापैकी गुण देतात. शेवटी कार्ड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद! गुणांवर किंमत ठरते. मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड, दुसऱ्या एका कंपनीने साडेनऊ गुण दिलेले, २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेले.

आम्ही भिंग घेऊन बसलो. चॅरिझार्डच्या कडेला खाच होती. रबरबँडची. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण मला सारे आठवले. गणितात गुण कमी पडले म्हणून मीच ती कार्डे हिसकावून, करकचून बांधून कपाटावर फेकली होती. “पुढच्या परीक्षेनंतर देईन,” म्हणालो आणि विसरलो.

“कड जराशी कापून सरळ करा की!” एका स्नेह्याने सुचवले.

“नको,” चिरंजीव म्हणाले. त्यांनी होनस वॅग्नरच्या कार्डाची हकिकत सांगितली. त्या कंपनीने गुण दिलेले ते पहिलेच कार्ड, गुण आठ! पुढे २०१३ साली एका विक्रेत्याने त्याच्या कडा कापल्याची कबुली दिली. “जसं आहे तसंच जाऊ दे, बाबा.”

कार्ड आधी मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जराशा ताठ पाकिटात घातले. वरखाली पुठ्ठे लावले. अर्जात साल, क्रमांक आणि अंदाजी किंमत लिहिली. त्या किमतीवरच फी ठरते. मुलाला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना झाली नव्हती एवढी धडधड मला त्या टपालाच्या खिडकीशी झाली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. दहापैकी पाच! कार्ड विकले, एक हप्ता भागला. पाठ असती तर आणखी कितीतरी हप्ते भागले असते, हा हिशेब मी मनात रोज करी. एका रात्री न राहवून म्हणालो, “तुझे ते गुण मीच कापले रे.”

तो हसला. “बाबा, तेव्हा गणितात मला किती पडले होते, आठवतं?”

“नाही बुवा.”

“मलाही नाही.”

वाचकहो, मुलांच्या वस्तू जप्त करायच्याच असतील तर खुशाल करा. पण रबरबँड लावू नका. आणि परत द्यायला विसरू नका!