शनिवारचा चित्रपट आणि माझी चूक

सैनिकी शाळेतील मुलांना आठवड्यातला सर्वांत आवडता वार विचारला, तर दहापैकी नऊ जण शनिवार असेच सांगतील. शनिवारी रात्री प्रेप नसते. जेवण झाले की आम्ही हाऊसप्रमाणे रांगा करून सभागृहात जातो आणि चित्रपट पाहतो. पण खरी मजा चित्रपट संपल्यावर सुरू होते. लाइट्स आउट झाल्यावर डॉर्मिटरीत हळू आवाजात जी चर्चा चालते, ती एखाद्या वादविवाद स्पर्धेला लाजवील अशी असते. आमच्या डॉर्ममध्ये बिहार, राजस्थान, केरळ, उत्तराखंड अशा सगळीकडची मुले आहेत आणि मराठी बोलणारे आम्ही चौघे. भाषा वेगळ्या असल्या, तरी चित्रपटावरचे मत देताना सगळ्यांचे शब्द ठरलेले असतात : ‘मस्त’, ‘बकवास’, नाहीतर ‘पकाऊ’. त्यापुढे कोणी फारसे जात नाही. मीही जात नव्हतो. गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून माझी चित्रपट पाहण्याची पद्धत बदलली. तेच या लेखात सांगणार आहे.

१६ डिसेंबर हा विजय दिवस. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याने ढाक्याला शरणागती पत्करली तो हा दिवस. त्या निमित्ताने आदल्या शनिवारी आम्हांला जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ दाखवला. चित्रपट १९९७ चा, म्हणजे आमच्यापैकी कोणाचाही जन्म होण्याआधीचा. तरीही पत्रांचे गाणे सुरू झाल्यावर सगळे सभागृह गाऊ लागले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना ते गाणे कोणी समजावून सांगावे लागत नाही. माझ्या शेजारी बसलेला सहावीतला छोटा कॅडेट तर सरळ रडत होता. सुनील शेट्टी यांनी केलेली भैरोंसिंह यांची भूमिका मला सर्वांत आवडली. वाळवंटावर प्रेम करणारा, कमी बोलणारा हा शिपाई शेवटी लढता लढता प्राण देतो. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

१६ तारखेला सकाळच्या असेंब्लीत बोलण्याची पाळी आमच्या हाऊसची होती आणि भाषण मी करणार होतो. मी लोंगेवालाच हा विषय घेतला. आवाज चढवून, मूठ आवळून मी सांगितले की, भैरोंसिंह यांनी लोंगेवालाच्या वाळूत देशासाठी वीरमरण पत्करले. टाळ्या कडकडून वाजल्या. मी खूश होऊन रांगेत येऊन उभा राहिलो.

नाश्त्याच्या वेळी मेसमध्ये माझा राजस्थानचा एक मित्र समोर येऊन बसला. तो जोधपूर जिल्ह्यातल्या शेरगढ भागातला. त्याने पोह्यांवरून मान वर न करताच सांगितले, “भाई, वो तो हमारे इलाके के थे. अभी २०२२ में गए.” मला आधी ती थट्टा वाटली. तो पुढे म्हणाला की, त्यांना पाहिलेली माणसे त्याच्या गावात आजही आहेत.

दुपारी ग्रंथालयात जाऊन मी शोधाशोध केली. मित्राचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. भैरोंसिंह राठोड हे सीमा सुरक्षा दलाच्या १४ व्या बटालियनमध्ये लान्स नाईक होते. लोंगेवालाच्या लढाईत ते पंजाब रेजिमेंटच्या जवानांबरोबर लढले, त्यांनी लाइट मशीनगन चालवली आणि त्यांना १९७२ मध्ये सेना पदक मिळाले. पुढे त्यांनी नोकरी पूर्ण केली, १९८७ मध्ये निवृत्त झाले, गावी राहिले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरच्या एम्स रुग्णालयात त्यांचे निधन झाले. म्हणजे पडद्यावर आपला मृत्यू दाखवला गेल्यानंतर ते आणखी २५ वर्षे जगले! आणि मी चारशे मुलांसमोर त्यांना तरुणपणीच मारून टाकले होते.

मग मी लढाईबद्दलही वाचले. चित्रपटातल्या कितीतरी गोष्टी खऱ्या निघाल्या. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या मधली ती रात्र. लोंगेवालाच्या ठाण्यावर २३ पंजाबची ‘ए’ कंपनी, सुमारे १२० जवान. समोर चाळीसहून अधिक रणगाडे आणि दोन हजारांवर सैनिक. ठाणे सोडायचे की लढायचे, हा निर्णय मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यावर आला आणि त्यांनी लढायचे ठरवले. जैसलमेरच्या तळावरील हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून पहाटेपर्यंत तग धरणे भाग होते. उजाडल्यावर विमाने आली आणि वाळवंटात रणगाड्यांचा धुव्वा उडाला. चांदपुरी यांना महावीर चक्र मिळाले. हे सगळे चित्रपटात आहे.

पण एक मोठा फरक आहे. चित्रपटात आपले जवान एकामागून एक धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्या लढाईत आपले दोन जवान हुतात्मा झाले. हा आकडा वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : “एवढेच?” आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्या दोन घरांसाठी ते ‘एवढेच’ नव्हते. शिवाय एवढ्या मोठ्या हल्ल्यासमोर ज्या कंपनी कमांडरने आपले जवळजवळ सगळे जवान सकाळी जिवंत ठेवले, त्याचे ते केवढे मोठे यश! माझ्या मनात नकळत असे बसले होते की, जो मरतो तोच शूर. ही समजूत मला चित्रपटांनीच दिली होती. आपल्यापैकी बरेच जण उद्या अधिकारी होणार आहेत. आपल्या हाताखाली खरी माणसे असतील. अशी समजूत घेऊन आपण तिकडे गेलो, तर ते किती धोक्याचे आहे!

मग दिग्दर्शकाने असे का केले असेल? यावर मी बराच विचार केला. त्या रात्रीची एक खरी गोष्ट अशी की, ठाण्याभोवती काटेरी तार दिसल्यावर शत्रूच्या रणगाड्यांना तिथे सुरुंग पेरले असतील अशी शंका आली आणि ते थांबले. सुरुंग नव्हतेच. पण त्यात त्यांचा मोलाचा वेळ गेला. आपल्या जवानांनीही रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत गोळीबार रोखून धरला. आता विचार करा, अंधारात रणगाड्यांची घरघर ऐकत, बोट ट्रिगरवर ठेवून गप्प पडून राहणे याला किती धैर्य लागत असेल! पण पडद्यावर ते कसे दाखवणार? दोन तास कोणीच हलत नाही, असा चित्रपट आपणच ‘पकाऊ’ म्हणून सोडून देऊ. म्हणून चित्रपट वाट पाहण्याच्या जागी धावपळ दाखवतो, बऱ्याच माणसांचे काम एका नायकाला देतो आणि आपले डोळे ओले व्हावेत म्हणून एखाद्याचा जीव घेतो. त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही, ती गोष्ट सांगण्याची एक रीत आहे. दिग्दर्शकाने चित्रपट बनवला होता, इतिहासाचे पुस्तक नव्हे. पुस्तक समजून भाषण ठोकले ते मी. चूक माझीच.

मी हाऊसमास्टर सरांना हे सांगितले. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “चूक जिथे केली, तिथेच दुरुस्त कर.” दुसऱ्या दिवशी असेंब्लीत मी पुन्हा उभा राहिलो आणि भैरोंसिंह यांच्याबद्दलची खरी माहिती सांगितली. या वेळी मूठ आवळली नव्हती. पाय मात्र थरथरत होते. टाळ्या पहिल्यापेक्षा कमी वाजल्या. पण शेरगढचा मित्र रांगेतून माझ्याकडे बघून हसला. माझ्यासाठी तेवढे पुरे होते.

त्यानंतर मी चित्रपटावर मत देताना एक साधी युक्ती वापरतो. आपल्या लॉकरमध्ये जसे गणवेश, पीटीचे कपडे आणि पुस्तके यांचे वेगळे कप्पे असतात, तसेच मी मताचे तीन कप्पे करतो. पहिला : मला पाहताना काय वाटले? दुसरा : चित्रपट म्हणून तो कसा जमला आहे? आणि तिसरा : खऱ्या घटनेवर असेल, तर त्यात खरे किती आणि वगळलेले काय? हे तीन कप्पे एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. एका कप्प्यात भरपूर गुण आणि दुसऱ्यात कमी, असेही चालते. ‘बॉर्डर’ला मी पहिल्या कप्प्यात आजही पूर्ण गुण देतो.

या युक्तीने नंतर पाहिलेल्या चित्रपटांबद्दल माझी मते थोडक्यात सांगतो. ती तुम्हांला पटलीच पाहिजेत असे नाही.

‘सॅम बहादूर’ (२०२३) : मेघना गुलजार यांचा हा चित्रपट पाहिल्यावर आठवडाभर मेसच्या रांगेत अर्धी मुले विकी कौशलसारखी मान किंचित पुढे काढून चालत होती! अभिनयाला तोड नाही. पण चित्रपट म्हणून मला तो फोटोंच्या अल्बमसारखा वाटला. देहरादूनच्या भारतीय सैनिकी अकादमीतल्या पहिल्या तुकडीपासून फील्ड मार्शल होईपर्यंत, चाळीस वर्षे अडीच तासांत बसवायची म्हणजे प्रत्येक पान भराभर उलटावे लागते. तरी एक प्रसंग मनात राहिला. १९७१ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी लगेच कारवाईबद्दल विचारतात आणि सॅम माणेकशॉ सैन्य अजून तयार नाही असे स्पष्ट सांगून वेळ मागून घेतात. हा प्रसंग माणेकशॉ स्वतः पुढे अनेकदा सांगत असत. मला तर लोंगेवालाची रात्र आणि हा प्रसंग एकाच धड्याची दोन पाने वाटतात. तिकडे वाळूत जवान गोळी रोखून धरतात, इकडे दिल्लीत सेनाप्रमुख युद्ध रोखून धरतात. वाट पाहणे हेही शौर्यच आहे.

‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) : हा आम्हां मराठी मुलांसाठी खास. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांची ही कथा. ते सैन्यात ईएमई कोअरमध्ये होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. कबीर खान यांच्या या चित्रपटातली गाणी मला लांबली असे वाटले. रुग्णालयातला भाग मात्र सर्वांत चांगला. शर्यतीला त्यांना ३७.३३ सेकंद लागले, पण त्याआधी सात वर्षे गेली होती. पडद्यावर ती सात वर्षे काही मिनिटांत संपतात. आपल्यापैकी कोणी क्रॉसकंट्रीत मागे पडला किंवा एनडीएच्या परीक्षेत एकदा नापास झाला, तर त्याने ती वगळलेली वर्षे आठवावीत.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) : आमच्या हाऊसच्या टीव्ही रूममध्ये महिन्यातून एकदा एकेका भाषेची पाळी असते. आमची पाळी आली तेव्हा आम्ही परेश मोकाशी यांचा हा चित्रपट लावला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला, त्याची ही हसतखेळत सांगितलेली कथा. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या साळुंके यांना साडी नेसवली, हे पाहून केरळचा मित्र हसून हसून पलंगावरून पडायचा बाकी होता. ही गोष्ट खरी आहे हे सांगितल्यावर त्याचा विश्वास बसेना. म्हणजे या वेळी खरे तेच खोटे वाटले! खाली इंग्रजी अक्षरे वाचत का होईना, सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला. फाळक्यांनी सोसलेल्या ओढाताणीचे दुःख चित्रपटात हसण्याखाली थोडे झाकले जाते, एवढीच माझी तक्रार.

मित्रांनो, चित्रपट पाहू नका किंवा पाहताना सारखे दोष काढत बसा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. शनिवारी रात्री मनसोक्त रडावे, हसावे, शिट्ट्याही माराव्यात (हाऊसमास्टर सर जवळ नसतील तर!). फक्त रविवारी सकाळी थोडा वेळ काढून ग्रंथालयात जावे आणि पडद्यावरच्या माणसाचे पुढे काय झाले ते शोधावे. कदाचित तो एखाद्या गावात ओसरीवर बसून चहा पीत असेल आणि आपण त्याच्या नावाने श्रद्धांजली वाहत असू.

आज लाइट्स आउटनंतर कोणी “पिक्चर कसा होता?” असे विचारले की मी ‘मस्त’ म्हणून कूस बदलत नाही. तीन कप्पे उघडतो. त्यामुळे चर्चा लांबते, कधी ड्युटी मास्टरांची टॉर्च खिडकीवर पडते आणि दुसऱ्या दिवशी मैदानाला एक जादा फेरी मारावी लागते. पण ती फेरी मला परवडते.

जय हिंद!