मिठाची टाकी आणि आइशहॉर्नचं ऋण

‘बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवला, पण टीडीएस मीटरवरचा आकडा काही उतरत नाही. यंत्र बिघडलंय का?’ हा प्रश्न वाचकांकडून वरचेवर येतो. यंत्र ठीक आहे. आकडा किंचित वाढला तरी घाबरू नका. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, त्यांची अदलाबदल करतो. लिटरभर पाण्यातलं ४० मिलीग्रॅम कॅल्शियम सॉफ्टनरमधल्या रेझिनने धरलं की त्याच्या जागी ४६ मिलीग्रॅम सोडियम पाण्यात येतं. सोडियममुळे गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत नाही, साबणही फाटत नाही. पारख करायचीच तर बाटलीभर पाण्यात अंगाच्या साबणाचा थोडा चुरा टाकून हलवा. फेस टिकला आणि पाणी गढूळ झालं नाही, तर सॉफ्टनरचं काम चोख चाललंय.

ही अदलाबदल आधी सापडली ती शेतात. १८४५ च्या सुमारास यॉर्कशरचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी झिरपू दिलं. खाली उतरलं ते जिप्समचं पाणी! अमोनिया मातीने ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम दिलं. जे. टी. वे या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोगांची रांग लावली आणि १८५० मध्ये निष्कर्ष छापले. मात्र हा व्यवहार उलट फिरत नाही, असा त्याचा समज होता. तो खोडला जर्मनीच्या आइशहॉर्नने, १८५८ मध्ये, झिओलाइट खनिजांवर प्रयोग करून. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत ज्यांचे देखणे स्फटिक सापडतात, त्याच कुळातली ही खनिजं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती जरूर पाहा. वे आणि थॉम्पसन यांची नावं पुस्तकांत येतात, आइशहॉर्न मात्र तळटिपेत राहतो. मला हे खटकतं, कारण व्यवहार उलटा फिरला नसता तर प्रत्येक सॉफ्टनर पहिल्या भरणीनंतर भंगारात गेला असता.

हा व्यवहार उलटवतं मीठ. एरवी रेझिनची ओढ कॅल्शियमकडे, पण दहा टक्क्यांच्या आसपास दाट मिठाचं पाणी सोडलं की पारडं फिरतं आणि कॅल्शियमला जागा सोडावी लागते. २५ लिटर रेझिनला एका वेळी साधारण तीन किलो मीठ लागतं. पाण्याचा कठीणपणा लिटरला ५०० मिलीग्रॅम असेल, तर तेवढ्यात सुमारे अडीच हजार लिटर पाणी मऊ होतं.

म्हणून निगा राखायची ती मुख्यतः मिठाच्या टाकीची. तिच्यात स्वच्छ खडेमीठ किंवा गोळ्यांचं मीठ घाला, जेवणातलं बारीक मीठ नको. ते घट्ट बसतं. टाकी भरलेली दिसते, तरी पाणी जड येतं, तेव्हा झाडूचा दांडा हलकेच आत खुपसा. वर कडक पापुद्रा आणि खाली पोकळी लागली, तर मिठाचा पूल झालाय. तो फोडा, तळचा गाळ काढा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर आधी त्याचा फिल्टर लावा, नाहीतर रेझिनवर गंज चढतो. नळाला लोहचुंबक बांधून पाणी मऊ करून देतो म्हणणाऱ्याला मात्र विचारा, कॅल्शियम गेलं कुठे? पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या, विशेषतः घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर.

आणि रेझिन धुतलेलं खारं पाणी बागेत सोडू नका. तिथेही हीच अदलाबदल चालते. मातीतलं कॅल्शियम निघून सोडियम बसतं, चिकणमातीचे कण सुटे होतात आणि जमीन चोपण बनते. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातले शेतकरी अशा जमिनीत जिप्सम टाकतात, म्हणजे सोडियम हुसकायला पुन्हा कॅल्शियमच देतात. तेव्हा रेझिनचं खारं पाणी सरळ ड्रेनेजमध्ये सोडा.