आसगावच्या आकाशात रुग्णवाहिका उतरेल काय?
ना नफा तत्त्वावरील हेलिकॉप्टर सेवेचे अर्थकारण आणि व्यवहार

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील चौरास पट्ट्यात आसगाव वसले आहे. धानाच्या बांध्या, पावसाळ्यात चिखलाने भरणारे पांदण रस्ते आणि जवळच गोसीखुर्दचा ३३ दरवाज्यांचा प्रकल्प, असा हा परिसर. येथील शेतकऱ्याला रोवणीच्या दिवसांत मण्यार चावली, बाळंतिणीला अतिरक्तस्राव सुरू झाला किंवा तरुण दुचाकीवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला, तर त्याचा प्रवास ठरलेला असतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग पवनी, मग भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तेथूनही 'पुढे न्या' म्हटल्यास नागपूर. उमरेडमार्गे थेट नागपूर गाठायचे तरी अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जाते. हवाई अंतर मात्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हेलिकॉप्टरला २० ते २५ मिनिटांचे.

या दोन आकड्यांमधील तफावत पाहिली की कोणाच्याही मनात प्रश्न येतो. एखाद्या सेवाभावी संस्थेने येथे आपत्कालीन हेलिकॉप्टर सेवा का चालवू नये? गडचिरोलीच्या जंगलात जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला आणले जाते, हे विदर्भाने अनेक वर्षे पाहिले आहे. जवानासाठी जे होते, ते शेतकऱ्यासाठी का नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र हेलिकॉप्टरच्या किमतीत नसून ते जमिनीवर उभे असतानाच्या खर्चात दडलेले आहे.

ब्रह्मदेशातून सुरू झालेली गोष्ट

हेलिकॉप्टरने जखमींची सुटका करण्याच्या पहिल्या घटनांपैकी एक आपल्या शेजारीच घडली. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फौजांच्या पिछाडीस एक छोटे विमान कोसळले. त्यातील वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना अमेरिकी लेफ्टनंट कार्टर हारमन यांनी सिकोर्स्की कंपनीच्या आर-४ हेलिकॉप्टरने बाहेर काढले. हे यंत्र आसामातून नेण्यात आले होते. त्यात वैमानिकाखेरीज एकच माणूस मावत असे, त्यामुळे एकेकाला आणावे लागले. पुढे कोरियाच्या युद्धात ही पद्धत सर्रास झाली. १९७० मध्ये म्युनिक येथे 'क्रिस्टोफ १' हे हेलिकॉप्टर नागरी रुग्णसेवेत दाखल झाले आणि युरोपात या सेवेचे जाळे विणले गेले.

या जाळ्याचा मोठा भाग नफ्यासाठी चालत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल येथे १९८७ साली सुरू झालेल्या सेवेनंतर तेथील बहुतेक हवाई रुग्णवाहिका धर्मादाय संस्थांच्याच आहेत. स्वित्झर्लंडची 'रेगा' ही १९५२ मध्ये स्थापन झालेली संस्था याचे सर्वांत ठळक उदाहरण ठरावे. सुमारे ९० लाख लोकवस्तीच्या या देशात ३५ लाखांहून अधिक नागरिक दरवर्षी ठरावीक वर्गणी भरून तिचे आश्रयदाते होतात. वेळ आल्यास त्यांच्याकडून बचावाचा खर्च संस्था माफ करू शकते, मात्र तो विमा नव्हे. विमा म्हटले की हक्क आला आणि हक्काबरोबर दाव्यांचे गणित आले. वर्गणीमागे कृतज्ञता आणि थोडी भीती, एवढेच भांडवल असते.

पण स्वित्झर्लंड श्रीमंत आहे. विकसनशील देशांतील दाखले अधिक उपयोगाचे आहेत. केनियात १९५७ मध्ये तिघा शल्यविशारदांनी सुरू केलेली 'ॲमरेफ'ची उडती डॉक्टर सेवा आज एका चलाख रचनेवर उभी आहे. पर्यटक, परदेशी कंपन्या व विमा कंपन्यांकडून रुग्ण हलविण्याचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि त्या उत्पन्नातून गरिबांसाठीच्या धर्मादाय कामाला हातभार लावायचा. या सेवेचा भर मात्र हेलिकॉप्टरपेक्षा विमानांवर आहे, कारण आफ्रिकेतील अंतरे लांब आणि मातीच्या धावपट्ट्या मुबलक. दक्षिण आफ्रिकेत १९६६ पासून कार्यरत असलेली 'रेड क्रॉस एअर मर्सी सर्व्हिस' ही संस्था तर प्रांतिक सरकारांशी करार करून काम करते. संस्था ना नफा तत्त्वाची आणि नियमित पैसा सरकारी आरोग्य खात्याचा, अशी ही विभागणी आहे. केवळ देणग्यांच्या भरवशावर गरीब भागात हेलिकॉप्टर वर्षानुवर्षे उडते ठेवणे किती अवघड आहे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

उभे राहण्याचा खर्च

याचे कारण समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. दोन इंजिनांचे, एक रुग्ण व दोन वैद्यकीय कर्मचारी नेऊ शकणारे नवे हेलिकॉप्टर कित्येक दशकोटी रुपयांचे असते. ते एखाद्या दानशूराने दिले असे धरू. अशी देणगी मिळणे तुलनेने सोपेच असते, कारण यंत्रावर नाव रंगवता येते. परंतु रोज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ते सज्ज ठेवायचे तर वैमानिकांच्या कामाच्या तासांवरील मर्यादेमुळे एक वैमानिक पुरत नाही, तीन-चार लागतात. परवानाधारक अभियंते, डॉक्टर व परिचारक, विमा, हँगर, ठरावीक तासांनंतरची सक्तीची तपासणी, आयुष्य संपले की बदलावेच लागणारे सुटे भाग, ही यादी पुढे सरकतच राहते. हेलिकॉप्टर तपासणीला गेले की पर्यायी यंत्र हवे. ते नसेल तर त्या आठवड्यात सेवा बंद. पाती फिरविणाऱ्या यंत्रणेच्या बेअरिंगवर कोणाचे नाव रंगविता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही सहजी मिळत नाही.

समजा, या सगळ्याचा वार्षिक खर्च १२ कोटी रुपये आला. वर्षाकाठी ३०० रुग्ण नेले तर प्रत्येक रुग्णामागे चार लाख रुपये पडतात, ६०० नेले तर दोन लाख. यातील इंधनाचा वाटा तुलनेने लहान असतो. पैसा जातो तो तयारीत. अर्थात उड्डाणे कमी केली म्हणून फारशी बचत होत नाही, उलट प्रत्येक रुग्ण अधिक महाग होतो. अग्निशमन दलासारखेच हे आहे, आग लागो वा न लागो, बंब व जवान हजर हवेतच.

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाख ३३४ होती. म्हणजे या काल्पनिक १२ कोटींसाठी माणशी वर्षाला १०० रुपये पडतील. ऐकायला रक्कम किरकोळ. पाच जणांच्या कुटुंबाला मात्र ती पाचशे रुपये होते, आणि ती सर्वांनी, दरवर्षी, न चुकता द्यायला हवी. राज्यात २०२३ च्या खरिपात पीक विम्याचा शेतकरी हिस्सा एक रुपयावर आणावा लागला होता (ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली), हे लक्षात घेता स्वेच्छेच्या वर्गणीवर किती विसंबावे, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. येथे अडचण मुदतीची आहे. बहुवर्षीय प्रकल्प आरंभीचे आर्थिक वर्ष वगळता तीन वर्षांहून अधिक काळ चालू शकत नाही. हेलिकॉप्टर सेवेला रुळायलाच तेवढा काळ लागतो. ती लोकांच्या सवयीची होते न होते, तोच निधीची मुदत संपते आणि मग सेवा बंद पडल्याचा राग गावकरी संस्थेवर काढतात.

परवान्याचा प्रश्नही आहे. व्यावसायिक उड्डाणांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते. सेवाभावी संस्थेने ती स्वतः मिळवून सांभाळण्यापेक्षा, परवानाधारक कंपनीकडून वैमानिकासह हेलिकॉप्टर भाड्याने घेणे अधिक व्यवहार्य ठरते. मग उडवणारा एक आणि रुग्णाची जबाबदारी घेणारा दुसरा, असे दोन कारभार होतात. खराब हवामानात 'जाऊ नका' म्हणण्याचा अंतिम अधिकार केवळ वैमानिकाचा असावा आणि रुग्ण कोण आहे, लहान मूल आहे की कसे, हे त्याला निर्णय घेईपर्यंत सांगितलेही जाऊ नये, अशी शिस्त अनेक देशांत पाळली जाते. हे क्रूर वाटते खरे, पण त्यामागे अपघातांचा अनुभव आहे.

भारतातही त्याची जाणीव होऊ लागली आहे. २०२१ च्या हेलिकॉप्टर धोरणात केंद्राने आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र विचार केला. त्यातून ऋषिकेशच्या एम्समध्ये 'संजीवनी' ही मोफत हेलिकॉप्टर रुग्णवाहिका २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी केदारनाथ येथे रुग्णाला आणण्यासाठी गेली असता उतरताना तिचे शेपूट तुटले. सुदैवाने आतील सर्व जण बचावले. सेवेत एकच यंत्र असले आणि ते मोडले, की सेवेचे काय होते याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

मिनिटांचा हिशेब

आता पुन्हा आसगावकडे. हेलिकॉप्टर नागपुरात ठेवले आहे असे धरू. फोन आल्यावर निर्णयाला पाच मिनिटे, उड्डाणाला दहा, येण्यास २३, जागा हेरून उतरण्यास पाच, रुग्णाला स्थिर करून चढविण्यास २०, परतीला २३ आणि विमानतळावरून रुग्णालयापर्यंत १५. बेरीज १०१ मिनिटे. '२० मिनिटांत नागपूर' या वाक्यातील ८० मिनिटे कोठे हरवतात, ते येथे कळते. रस्त्याने, रुग्णवाहिका येण्यापासून धरल्यास, सुमारे तीन तास. तेव्हा फायदा आहे, आणि मेंदूतील रक्तस्रावात सव्वा तास फार मोठा असतो. परंतु हा फायदा मिळतो तो पहिल्याच मिनिटाला हेलिकॉप्टर बोलावले तर. आरोग्य केंद्र, पवनी आणि भंडारा अशी तीन दारे फिरून झाल्यावर कोणी हेलिकॉप्टरला फोन केला, तर वाचलेली मिनिटे आधीच खर्ची पडलेली असतात.

म्हणूनच जाणकार यंत्रापेक्षा नियंत्रण कक्षाला अधिक महत्त्व देतात. कोणता रुग्ण उडवायचा आणि कोणता नाही, हे फोनवर ओळखणारी प्रशिक्षित माणसे नसतील, तर हेलिकॉप्टर मोडलेल्या पायासाठी जाते आणि त्याच वेळी बाळंतीण वाट पाहत राहते. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेल्या '१०८' सेवेकडे मध्यवर्ती कक्ष आहे. हवाई सेवा त्याला जोडल्याखेरीज तिला अर्थ नाही. शेजारच्या मध्य प्रदेशने २०२४ मध्ये 'पीएमश्री' हवाई रुग्णवाहिका सुरू करताना सरकारी यंत्रणेलाच मध्यभागी ठेवले. तेथे जिल्हा प्रशासनाच्या मंजुरीने रुग्ण हलविला जातो आणि आयुष्मान कार्डधारकांना खर्च पडत नाही. मंजुरीची ही पायरी रुग्णालयातून रुग्णालयात नेण्यास चालते. बांधीत पडलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाला ती लांबचीच.

मण्यारीच्या दंशाचे वैद्यकीय गणितही निराळे आहे. त्या रुग्णाला पहिल्या तासात प्रतिविष आणि श्वास थांबू लागल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास हवा. तो जवळच्या रुग्णालयात मिळाला तर हेलिकॉप्टरची गरज उरत नाही आणि मिळाला नाही तर हेलिकॉप्टर येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. शिवाय मण्यार बहुधा रात्री चावते. भारतात केवळ दृष्टीच्या आधारे होणाऱ्या उड्डाणांना सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी वीस मिनिटांपर्यंत सर्वसाधारणपणे मुभा नाही. अंधारात, दिवे नसलेल्या गावात उतरणे हा तर वेगळाच विषय. लंडनमध्ये १९८९ पासून चालणाऱ्या सेवेत हेलिकॉप्टर मुख्यतः डॉक्टरला रुग्णापर्यंत नेते. रुग्ण पुष्कळदा त्याच डॉक्टरसोबत रस्त्यानेच रुग्णालयात जातो. रवांडात २०१६ पासून मानवरहित विमाने दूरच्या रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या पोहोचवीत आहेत. अतिरक्तस्राव झालेल्या बाळंतिणीला नागपूरला नेण्याऐवजी रक्तच पवनीला आणता येत असेल, तर तो मार्ग कितीतरी स्वस्त.

आणि तरीही हेलिकॉप्टरला पर्याय नाही अशी एक वेळ आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा जिल्ह्यातील अनेक गावांचे रस्ते पाण्याखाली गेले. अशा दिवशी रस्त्याची तीन तासांशी तुलनाच संपते, कारण रस्ताच नसतो. डोंगाळ देशांत हेच कारण वर्षभर असते, चौरासात ते पावसाळ्यातील काही दिवसांचे आहे. तेवढ्यासाठी बारमाही संस्था उभी करायची, की सरकारने एखाद्या कंपनीशी मोसमी करार करायचा, हा खरा निवडीचा मुद्दा आहे. नेपाळमध्ये २०१८ साली विम्याच्या पैशांसाठी धडधाकट गिर्यारोहकांना 'आजारी' ठरवून हेलिकॉप्टरने उतरविल्याचे प्रकार चौकशीत उघड झाले होते. त्यामुळे करारात प्रत्येक फेरीमागे पैसे द्यायचे की सज्जतेबद्दल, हेही आधीच ठरवावे लागेल. फेरीमागे दिले तर फेऱ्या वाढतात.

दरम्यान, काही कामे हेलिकॉप्टर येण्याची वाट न पाहता होण्यासारखी आहेत. भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच्या आवारात हेलिपॅड आखून ठेवणे, सातही तालुक्यांतील शाळांची व बाजाराची अशी मैदाने निश्चित करणे जेथे विजेच्या तारा आड येत नाहीत, त्यांचे अक्षांश-रेखांश '१०८'च्या कक्षाकडे नोंदविणे. धानाच्या बांधीत चिखलामुळे आणि धुऱ्यांमुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नाही, तेव्हा गावात अशी एक कोरडी, मोकळी जागा कोणती, एवढे ग्रामसभा एका बैठकीत ठरवू शकते. त्यासाठी बारा कोटी लागत नाहीत.