फोमचे विमान आणि लेझरचे यंत्र

निवासी विद्यार्थ्यांनी दूरनियंत्रित विमान बांधावे, असा विषय निघाला की पालक प्रथम लेझर यंत्राची किंमत विचारतात. आमच्या मते ती अडचण फार मोठी नाही. नावाच्या पाट्या कापून देणाऱ्या कारागिरांकडे असे यंत्र असतेच. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात तर २००२ पासून 'फॅब लॅब' चालते. संगणकावर आकृती काढावी आणि यंत्राकडून ती कापून घ्यावी, ही रीत तेथे ग्रामीण मुलांनी आत्मसात केली आहे.

विमानाचे पंख, धड व शेपूट या रीतीने सपाट तुकड्यांत कापून एकमेकांच्या खाचांत बसवितात. लेझरचा अदृश्य किरण भिंगातून एका बिंदूवर येतो आणि फोम त्या रेषेत वितळतो. उष्णतेने कडा थोड्या मागे सरतात, त्यामुळे खाच आकृतीपेक्षा किंचित रुंद होते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर निरनिराळ्या मापांच्या खाचा कापून, घट्ट बसणारे माप निवडावे.

खरा धोका फोमच्या निवडीत आहे. जाहिरातींच्या फलकांसाठी मिळणारा सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो. स्वस्त आणि गुळगुळीत असल्याने मुलांना तोच प्रथम सुचतो. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो. तो फुप्फुसांना इजा करतो, यंत्रही गंजवतो. शंका असल्यास शिक्षकांनी मोकळ्या हवेत तांब्याची तार तापवून फोमला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर तो फोम यंत्रात मुळीच घालू नये. ईपीपी हा लवचीक फोम आपटला तरी सहसा तुटत नाही. थर्माकोलच्या जातीचा घट्ट पॉलिस्टायरीन फोम हलका व सरळ असतो, पण चटकन पेट घेतो. कोणताही फोम कापताना धूर बाहेर ओढणारा पंखा, हाताशी अग्निशामक आणि यंत्रापाशी एक जागरूक माणूस हवाच.

जोडणीनंतर तोल पाहावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण चौथ्या भागावर, दोन्ही बाजूंनी बोटे टेकवून विमान उचलावे. ते आडवे राहिले पाहिजे. नाक थोडे जड असलेले चालते, शेपूट जड झाली तर विमान आवरत नाही. बॅटरी मागेपुढे सरकवून हे साधते.

आपल्या कॅम्प ५ च्या शेजारी अंबरनाथची आयुध निर्माणी आहे. तेव्हा ड्रोन नियम, २०२१ आणि 'डिजिटल स्काय'वरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहूनच उड्डाणाचे मैदान ठरवावे.

पहिली काही उड्डाणे जमिनीवर आपटूनच संपतात. मोडलेला भाग त्याच आकृतीवरून पुन्हा कापता येतो. मोटर, सर्व्हो व रिसीव्हर काढून नव्या सांगाड्यात बसवावेत. फुगलेली लिथियम बॅटरी मात्र पुन्हा जोडू नये.