लघवीवर ताबा राहत नाही? लाजू नका, व्यायाम करा



बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या यांवर आपण नेहमीच लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. खोकला आला, शिंक आली किंवा उसाची मोळी उचलली की नकळत थोडी लघवी होते, अशी तक्रार पुष्कळ बायांना असते. बाळंतपणानंतर, पाळी गेल्यावर ती वाढते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही हा त्रास होतो. पण बोलत कोणी नाही. साडी ओली होईल म्हणून बाई लग्नाला जात नाही, पाणीसुद्धा पीत नाही.

कारण साधे आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय व गर्भाशय तिच्या आधारावर असतात. बाजेची नवार ढिली पडते, तशी ही झोळी ढिली पडते. नवार ओढून आवळता येते. हे स्नायूही व्यायामाने आवळतात. अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला.

रीत अशी : लघवी करून या. गुडघे वाकवून उताणे पडा. वारा आणि लघवी एकदमच अडवायची आहे, असे समजून आतले स्नायू वर ओढा. पाच सेकंद धरा, पाच सेकंद सैल सोडा. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका. पोट, मांड्या, कुल्ले आवळू नका. लघवी करताना मात्र धार अडवून सराव करू नये. जमू लागले की खोकण्यापूर्वी, ओझे उचलण्यापूर्वी आधी आवळून घ्या. लावणी झाल्यावर आठ दिवसांत कोणी ऊस तोडत नाही. इथेही तीन महिने नेटाने करावे लागते.

दुखणे अंगावर काढले की शेवटी ‘पिशवी काढून टाका’ यावर गोष्ट येते. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. लघवी गळते म्हणून गर्भाशय काढणे हा उपाय नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवा.

जळजळ, ताप, लघवीत रक्त, लघवी तुंबणे किंवा अंग बाहेर येणे, यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका. अमरावतीला डफरीन, अकोल्याला लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालये आहेत. पुरुषांनी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. साखरेची तपासणीही करून घ्या.

हा मजकूर घरातल्या बायामाणसांना आणि तोडणीला आलेल्या मजूर भगिनींना जरूर वाचून दाखवा.

— ऊस विकास अधिकारी