शस्त्रक्रियेआधी वृद्धांना पेजेवर ठेवणे धोक्याचे

कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातील कोन गाव लागते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील ज्येष्ठांना कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. तपासण्या होऊन तारीख मिळेपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. ‘पोटाला आराम’ म्हणून या काळात म्हाताऱ्या माणसाला पेज, मऊ भात आणि चहा-बिस्किटांवर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हेतू चांगला, परिणाम मात्र उलटा होऊ शकतो.

जखम भरण्यासाठी व जंतुसंसर्गाशी लढण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. ती आहारातून न मिळाल्यास शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि वृद्धांचे स्नायू आधीच झिजलेले असतात. अमेरिकी शल्यविशारद हायरम स्टडली यांनी १९३६ मध्येच हा धोका दाखवून दिला. जठरव्रणाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एकतृतीयांश रुग्ण दगावले. इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते.

सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटणे, म्हणजे ५५ किलोंवरून ४९ वर येणे, ही धोक्याची खूण होय. वजनकाटा नसेल तर सैल झालेल्या बांगड्याही पुरेशा बोलक्या असतात. कुपोषण तीव्र असल्यास शस्त्रक्रिया लांबवूनही ७ ते १४ दिवस पोषण-उपचार द्यावेत, असे ‘एस्पेन’ या युरोपीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तातडीच्या शस्त्रक्रियेत अर्थातच ही सवड नसते.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. शस्त्रक्रियेच्या काळात ही गरज १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत जाते. ५० किलोंच्या आजीबाईंसाठी ती ६० ते ७५ ग्रॅम होते. एका अंड्यातून जेमतेम सहा ग्रॅम मिळतात. त्यामुळे दूध, दही, वाल, डाळ, अंडी, ताजी मासळी असे थोडे थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे लागते. सुक्या बोंबलात प्रथिने भरपूर असली तरी खारवलेल्या सुकटीतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णांना मानवत नाही. कवळी नीट बसत नसेल तर आधी ती दुरुस्त करावी. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आदल्या रात्रीपासून पाणीही तोडण्याची प्रथा आता मागे पडत आहे. साधारणतः घन आहार भुलीच्या सहा तास आधी, तर साधे पाणी दोन तास आधी थांबवले जाते. मात्र अंतिम वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी.