उष्ण झऱ्यांचे प्राचीन स्फोट

कासारवाडी-पिंपरीच्या औद्योगिक परिसरात बॉयलर म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. बंद भांड्यात दाबाखाली असलेले पाणी 100 अंश सेल्सिअसच्या वर तापले, तरी पाणीच राहते. वातावरणाच्या दसपट दाबाखाली ते सुमारे 180 अंशांस उकळते. हा दाब एकाएकी उतरला, तर त्यातील काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि या वाफेस पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. म्हणूनच बॉयलरला सुरक्षा-झडप अनिवार्य असते.

भूगर्भातही अशीच क्रिया घडते. अतितप्त पाण्यातील सिलिका खडकांच्या भेगांत साचून त्या बुजतात व दाब वाढत जातो. भूकंपाने हे झाकण फुटले किंवा सरोवराची पातळी घटून वरचा भार कमी झाला, की पाण्याची वाफ होऊन खडक उडतात. यात लाव्हा बाहेर पडत नाही. अमेरिकेतील यलोस्टोन येथे सुमारे 13,000 वर्षांपूर्वी झालेल्या अशा स्फोटाने अडीच किलोमीटर रुंदीचे विवर निर्माण केले. तेथेच 23 जुलै 2024 रोजी एक लहान स्फोट झाला; सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

प्राचीन स्फोटांची साक्ष त्यांचे निक्षेप देतात. कोनदार दगडांचे तुकडे, उष्ण पाण्याने मऊ होऊन मातीसारखा झालेला खडक आणि ताज्या लाव्हाचा अभाव, ही त्यांची लक्षणे होत. हा थर विवराच्या काठाशी जाड व दूरवर पातळ असतो. त्याखाली गाडल्या गेलेल्या लाकडावरून स्फोटाचा काळ ठरविता येतो. भूऔष्णिक विजेसाठी विंधन करण्यापूर्वी असे थर तपासणे अगत्याचे असते.

मग आपल्या कोकणातील झऱ्यांचे काय? वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत उष्ण झऱ्यांची रांग आहे. त्यांतील अतिशय तप्त अशा उन्हवरे येथील पाणीही सुमारे 70 अंशांचे, म्हणजे उत्कलनबिंदूच्या खालचे आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. भेगांतून खोल उतरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील स्वाभाविक उष्णतेने तापून वर येते. तेव्हा स्फोटाच्या अफवांना येथे आधार नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

तथापि, झऱ्याजवळ विंधन विहीर घेतल्यास त्याचा प्रवाह घटू शकतो. अशा कामास मंजुरी देण्यापूर्वी पंचायतींनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेणे हिताचे ठरेल.